कार आणि सायकल, दोन्हीकडे चालेल असा जीपीएस कोणता घ्यावा?

रानवाट:
नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात. कारने अधूनमधून कोकणात जाणं होतं, बाकी शनिवार-रविवार सायकल. येत्या हिवाळ्यात ३०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करायची आहे. सध्या दोन्हीकडे फोनच वापरतो, पण घाटात रेंज गेली की नकाशा कोरा होतो, पावसात टचस्क्रीन स्वतःच्या मनाने चालते आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. कारच्या काचेला आणि सायकलच्या हँडलबारलाही लावता येईल असं एकच डिव्हाइस मिळेल का? बजेट ३५ हजारांपर्यंत. भाऊ डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. सॅटेलाइट मेसेजिंग असलेलं गार्मिनचं इनरीच आण म्हणजे रेंज नसली तरी घरी निरोप पोचेल, असं त्याचं म्हणणं. आणू द्यावं का?

घाटमाथा:
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. भावाला आजच कळवा: इनरीच आणू नकोस. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. यामागचे मूळ कायदे जुने, टेलिग्राफ कायदा १८८५ चा आणि वायरलेस टेलिग्राफी कायदा १९३३ चा, पण विमानतळावर अशी यंत्रं आजही जप्त होतात. परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना गोवा विमानतळावरही घडल्या आहेत. साधा जीपीएस फक्त उपग्रहाचा सिग्नल ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे त्याला ही अडचण नाही. भावाला मॉडेलचं नाव नीट वाचायला सांगा. गार्मिनच्या मोंटाना ७०० मध्ये सॅटेलाइट मेसेजिंग नाही, ७००आय मध्ये आहे. दिसायला दोन्ही सारखीच.

नकाशेवाला:
आता एका यंत्रात दोन्ही कामं. असं यंत्र आहे, पण तुमच्यासाठी नाही. कारसाठी बनवलेल्या युनिटचा पडदा पाच ते सात इंची असतो आणि ते कायम १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालेल हे गृहीत धरलेलं असतं. आतली बॅटरी जेमतेम तासभर टिकते आणि पाणी तर अजिबात चालत नाही. सायकलवर ते पौडच्या पुढे जाणार नाही. उलट सायकल कॉम्प्युटरचा, म्हणजे हँडलबारवर बसणाऱ्या छोट्या जीपीएसचा, पडदा अडीच-तीन इंची. तो डॅशबोर्डवर हातभर लांबून वाचायला गेलात तर नजर रस्त्यावरून हटते. शिवाय त्याचं राउटिंगही सायकलच्या हिशेबाने असतं. कोकणात जाताना तो तुम्हाला मोठा रस्ता सोडून गावातल्या बोळात घालेल.

मधलं म्हणावं तर वर उल्लेख आलेलं मोंटाना. पाच इंची पडदा, पाणी चालतं, कारचा माउंटही मिळतो. पण वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आणि किंमत तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर. एवढं वजन हँडलबारवर सतत हादरत राहिलं की क्लॅम्पचा स्क्रू ढिला होतो, माउंट खाली झुकतो आणि दर खड्ड्याला हात लावून वर करत बसावं लागतं.

माझं स्पष्ट मत: कारमध्ये फोनच ठेवा, तो नीट बसवा. सगळे पैसे सायकलच्या यंत्रावर घाला.

चारचाकी:
नकाशेवाला यांच्याशी सहमत. कारमध्ये फोन त्रास देतो त्याची कारणं ठरलेली असतात.

पहिलं कारण ऊन. काचेला चिकटवलेला फोन चार्जिंगला लावून नकाशा चालू ठेवला की तापतो, पडदा मंद करतो आणि शेवटी चार्जिंग थांबवतो. एसीच्या झरोक्यावर बसणारा होल्डर घ्या. गार हवा थेट फोनच्या पाठीवर येते आणि प्रश्नच मिटतो. दुसरं, सिगारेट सॉकेटमधला स्वस्त चार्जर किंवा स्वस्त डॅशकॅम. यांच्यातून निघणाऱ्या रेडिओ गोंगाटाखाली जीपीएसचा मुळातच क्षीण सिग्नल दबून जातो. शंका आली तर दोन्हीच्या पिना उपटून पाहा, बाण जागेवर आला तर चोर सापडला. तिसरं, पुढच्या काचेवरची धातूयुक्त उष्णतारोधक फिल्म. तीही सिग्नल अडवते.

रेंजचा उपाय म्हणजे ऑफलाइन नकाशा. गुगल मॅप्समध्ये निघण्याआधी वायफायवर पुणे, रायगड, रत्नागिरी एवढा चौकोन उतरवून ठेवा. ऑफलाइनमध्ये कारचा रस्ता मिळतो, पण ट्रॅफिक कळत नाही. आणि हे तुमच्या कामाचं आहे: सायकलचा किंवा पायी जायचा रस्ता गुगल ऑफलाइन देतच नाही. मॅपल्स हे भारतीय नकाशा ॲपही जोडीला ठेवून पाहा. फाट्यावर, उड्डाणपुलाखाली कोणती लेन धरायची याचं चित्र त्यात चांगलं दिसतं.

कायद्याचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. म्हणजे होल्डर हवाच, मांडीवर फोन नको.

घाटमाथा:
सायकलसाठी निवडताना लोक पडद्याचा रंग बघतात. बघायचं असतं ते हे, की आत खरा नकाशा आहे की नुसती रेघ. स्वस्त युनिट तुम्ही दिलेला मार्ग कोऱ्या पडद्यावर रेघ म्हणून दाखवतात. ताम्हिणी घाट उतरून विळ्याला आलात की एक रस्ता निजामपूरवरून माणगावला जातो, दुसरा कोलाडकडे. रेघवाल्या यंत्रावर चुकल्याचं कळतं, पण ते चुकून थोडं पुढे गेल्यावर. नकाशावाल्यावर फाटा आधीच दिसतो. ओळखीच्या रस्त्यांना रेघ पुरते. अनोळखी भागात रात्री, झोप अनावर झालेली असताना नकाशाच हवा.

त्यानंतर बटणं. पावसाचे थेंब आणि घामट बोटं यांच्यापुढे टचस्क्रीनचं काही चालत नाही. गार्मिनच्या एज ५४० या सायकल कॉम्प्युटरला फक्त बटणं आहेत, ८४० ला बटणं आणि टच दोन्ही. आतली कामं जवळपास सारखीच, म्हणून ५४० घ्या आणि वाचलेल्या पैशात हँडलबारच्या पुढे येणारा माउंट आणि चाकाचा स्पीड सेन्सर घ्या. आयजीपीस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीतही नकाशावाली मॉडेलं आहेत आणि ती स्वस्त पडतात. फक्त खोक्यावर 'रूट नेव्हिगेशन' लिहिलंय म्हणजे नकाशा आहे असं समजू नका, आणि रस्ता चुकल्यावर यंत्र स्वतः नवा रस्ता काढतं का तेही विचारा.

बॅटरी: ५४० ला कंपनी २६ तास सांगते. पडद्याचा उजेड, फोनशी जोडणी, नेव्हिगेशन हे सगळं धरून मी कुठल्याही कंपनीच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करायला सांगेन. ३०० च्या ब्रेव्हेला २० तासांची मुदत असते, म्हणजे पॉवरबँक लागणारच. इथे एक गंमत होते: सायकल कॉम्प्युटर इतका कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवरबँकांना काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि त्या आपोआप बंद पडतात. घड्याळ-इअरफोनसाठी कमी करंटचा मोड असलेली पॉवरबँक घ्या. केबल माउंटला न अडखळता खालून लागते का, हे घरीच बघा. आयपीएक्स७ हे पाण्यापासून संरक्षणाचं मानक, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण हे रबरी झाकण बंद असताना. पावसात झाकण उघडून चार्जिंग करू नका.

मल्टीबँड असेल तर उत्तम. एल१ या नेहमीच्या सिग्नलच्या जोडीला एल५ हा दुसरा सिग्नल ऐकला की कड्यावर आपटून आलेला सिग्नल वेगळा काढता येतो. दरीच्या बाजूने जाताना रेघ कड्यात घुसत नाही ती त्यामुळे. मोकळ्या रस्त्यावर हे बंद ठेवलं तर बॅटरी वाचते.

पायडल:
थोडा वेगळा सूर. यंत्र न घेताही तुमच्या तिन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप घ्या, त्यात महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की रेंज लागतच नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका. जीपीएस चालूच राहतं आणि रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. मग पडदा बंद, फोन जर्सीच्या मागच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत, आणि वळणाची सूचना आवाजाने. फोनची बॅटरी खातो तो मुख्यतः पडदा. तो बंद ठेवला तर दिवसभराची राइड निघून जाते. हँडलबारवर फोन लावण्याच्या मी विरोधात आहे: पडला तर फोन जातो, आणि कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा सततच्या हादऱ्यांनी बिघडू शकते. मोटरसायकलच्या हादऱ्यांबद्दल ॲपलनेच तशी सूचना दिलेली आहे.

पण ब्रेव्हे करायचीच असेल तर वेगळं यंत्र घ्या. फोन अडचणीच्या वेळी कॉल करायला चार्ज असलेला हवा.

रानवाट:
सर्वांचे आभार. इनरीच रद्द, कारमध्ये फोन आणि झरोक्याचा होल्डर, सायकलला ५४० किंवा तशा दर्जाचं नकाशावालं. दोन शंका. मार्ग आत कसा घालायचा? आणि एक ओळखीचे गृहस्थ जुना, बहुधा २०११-१२ चा जीपीएस अगदी कमी किमतीत देतायत, तो राखीव म्हणून घ्यावा का?

नकाशेवाला:
मार्ग संगणकावर आखा. बीराउटर ही मार्ग आखायची वेबसाइट फुकट आहे, राइडविथजीपीएस आणि कोमूटही चालतील. या तिघांचा पाया ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. आपल्याकडच्या खेड्यांतल्या रस्त्यांवर त्यात डांबरी की कच्चा याची नोंद बऱ्याचदा नसते, त्यामुळे मार्ग बिनधास्त बैलगाडीच्या वाटेवर जातो. म्हणून आखलेली रेघ उपग्रहचित्रावर ठेवून मोठी करून बघा. तांबडी किंवा पांढुरकी पट्टी दिसली तर बहुधा कच्चा, करडी दिसली तर डांबर. पावसाळ्यात वरंध्यासारखा घाट प्रशासन बंद ठेवतं, ते कुठलाही नकाशा वेळेवर सांगत नाही, स्थानिक बातम्या बघा. आणि कारसाठी काढलेला मार्ग सायकलला वापरू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे.

फाइल उतरवताना जीपीएक्स ट्रॅक म्हणजे नुसते बिंदू. 'पुढे डावीकडे' अशा सूचना हव्या असतील तर टीसीएक्स किंवा फिट प्रकारची फाइल घ्या. एज केबलने संगणकाला जोडा, 'गार्मिन' फोल्डरमधल्या 'न्यूफाइल्स' मध्ये फाइल टाका, केबल नीट 'इजेक्ट' करून काढा. यंत्र चालू झालं की मार्ग कोर्सच्या यादीत येतो. वेगळा ओपनस्ट्रीटमॅप नकाशा घालायचा असेल तर त्याची आयएमजी फाइल 'गार्मिन' फोल्डरमध्येच जाते. मग यंत्राच्या सेटिंगमधून मूळ नकाशा बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढून काहीच वाचता येत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो ते. ब्रेव्हेचा मार्ग पुष्कळदा जाऊन त्याच रस्त्याने परत असा असतो. जाण्याची आणि येण्याची रेघ एकमेकींवर पडते आणि यंत्राला आपण कोणत्या रेघेवर आहोत तेच कळत नाही. निघताच 'कोर्स पूर्ण' म्हणतं किंवा मागे वळायला सांगतं. उपाय सोपा: वळायच्या ठिकाणी मार्ग तोडून दोन फाइली करा, 'जाताना' आणि 'येताना'. तिथल्या कंट्रोलला (हजेरीच्या ठरलेल्या ठिकाणी) थांबलात की दुसरी चालू करा. आणि रस्ता सुटल्यावर आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय ब्रेव्हेत बंद ठेवा किंवा 'विचारून कर' यावर ठेवा. नाहीतर चहासाठी आत वळलात की यंत्र जवळच्या रस्त्याने पुढे नेतं आणि मधलं कंट्रोल हुकतं.

घाटमाथा:
यात भर. चढ मोजायला बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर) असलेलं यंत्र घ्या, पण त्याचं छिद्र कुठे आहे ते पाहून ठेवा. पावसात त्यात पाणी साचलं की उंची जागच्या जागी अडकते किंवा शेकडो मीटर उडी मारते. छिद्रात टाचणी घालू नका. गोड्या पाण्याने धुवून, झटकून वाळू द्या. एकाच दिवसात सकाळ-दुपारच्या हवेच्या दाबात आपल्याकडे साधारण ३ हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे उंचीत २५ मीटरची चूक काही बिघाड नसतानाही दिसेल. तिकडे लक्ष देऊ नका.

निघण्याआधी यंत्र उघड्या आकाशाखाली स्थिर ठेवून उपग्रह सापडू द्या, आणि आदल्या रात्री फोनशी सिंक करा. उपग्रहांच्या जागेची आगाऊ माहिती आत गेली की सिग्नल काही सेकंदांत लागतो. स्पीड सेन्सर मागच्या किंवा पुढच्या हबला बांधा. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तिथे अंतर याच्यावरच मोजलं जातं. आणि खोक्यातली दोरी फेकू नका. माउंटमध्ये अडकणारे प्लास्टिकचे दोन कान झिजले की खड्ड्यात यंत्र उडतं, ते दोरी पकडून ठेवते.

चारचाकी:
जुन्या यंत्राबद्दल. जीपीएसमध्ये आठवडे मोजायचा आकडा १०२४ नंतर पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो तसा आला. ज्या जुन्या यंत्रांना यासाठीचं फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मिळालं नाही त्यांतली बरीच साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. अशा यंत्रांत जागा सहसा बरोबर येते, पण राइडच्या फाइलवर चुकीची तारीख पडते, आणि ब्रेव्हेचा पुरावा म्हणून ती कामाची नाही. घेण्याआधी गच्चीवर नेऊन सुरू करा, पंधरा मिनिटं ठेवा आणि तारीख-वेळ तपासा. मग पूर्ण चार्ज करून रेकॉर्डिंग चालू ठेवून बॅटरी किती तास जाते ते घड्याळ लावून बघा, आणि चार्जिंगची पिन लावून हळूच हलवा. चार्जिंगचं चिन्ह लुकलुकलं तर सॉकेट सैल आहे, मग फुकट दिलं तरी घेऊ नका. राखीव म्हणून पायडल यांनी सांगितल्याप्रमाणे तयार केलेला फोन जास्त भरवशाचा.