वर आलेले संघ टिकत का नाहीत? प्रीमियर लीगच्या तळाच्या तीन जागांविषयी

मैदानपार (धागाकर्ता)

2024-25 च्या हंगामात टॉटनहॅमचा संघ 38 पैकी 22 सामने हरला आणि तरीही त्याला प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल श्रेणीतील आपल्या जागेची काळजी करावी लागली नाही, कारण तिथल्या 20 संघांपैकी तळाचे तीनच खाली जातात. गुणतक्त्यात तो 38 गुणांसह 17 वा होता आणि त्याच्या लगेच खाली असलेल्या लेस्टरचे गुण होते 25. इप्सविच 22 वर थांबला, साउदॅम्प्टन 12 वर. हे तिन्ही संघ त्याच हंगामासाठी चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीतून वर आले होते आणि तिन्ही परत खाली गेले. त्याच्या आदल्या हंगामात ल्यूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड यांचेही हेच झाले होते. शेफील्डने तर 104 गोल खाल्ले. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून वर आलेले तिन्ही संघ एकाच वर्षात खाली जाण्याचा प्रकार तोवर फक्त एकदा, 1997-98 मध्ये, घडला होता. तो लागोपाठ दोन वर्षे घडावा, याला मी योगायोग मानायला तयार नाही.

माझ्या मते दोष नियमांत होता. तीन वर्षांत मिळून किती तोटा सोसता येईल याची मर्यादा लीगने 2025-26 च्या हंगामापर्यंत ठरवून दिली होती. सलग तीन वर्षे प्रीमियर लीगमध्ये असलेल्या क्लबला 10.5 कोटी पौंडांची मुभा मिळत होती. मात्र त्यांपैकी दोन वर्षे चॅम्पियनशिपमध्ये काढलेल्या क्लबची मर्यादा 6.1 कोटींवर येत होती, कारण खालच्या श्रेणीतील प्रत्येक वर्षाला 3.5 कोटींऐवजी 1.3 कोटीच धरले जात होते. म्हणजे ज्याला संघ जवळजवळ नव्याने उभा करायचा आहे, त्याच्याच हाताला वेसण. 2022 मध्ये वर आलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने दोन डझनांहून अधिक खेळाडू घेतले आणि तो टिकला, पण ही मर्यादा ओलांडल्याबद्दल 2024 च्या मार्चमध्ये त्याचे चार गुण कापले गेले. टिकण्यासाठी नियम मोडावा लागत असेल, तर तो नियम पुन्हा तपासायला नको होता का?

हिशेबी डाव

धागाकर्त्यांनी आकडे अचूक दिले आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ज्या 2022-23 च्या हंगामात फॉरेस्ट टिकला, त्याच हंगामात फुलम दहावा आला आणि बोर्नमथ पंधरावा. तिन्ही संघ टिकले, आणि तोट्याची मर्यादा तेव्हाही हीच होती.

बोर्नमथचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. 27 ऑगस्ट 2022 रोजी तो संघ लिव्हरपूलकडून 9-0 ने हरला. तीनच दिवसांनी प्रशिक्षक स्कॉट पार्कर यांना निरोप देण्यात आला, गॅरी ओनील यांनी सूत्रे हाती घेतली, बचाव आधी सावरला आणि संघ वाचला. याउलट 2024-25 मध्ये साउदॅम्प्टन गोलरक्षकापासून छोटे पास देत खेळ उभारण्याच्या पद्धतीला चिकटून राहिला. स्वतःच्याच गोलसमोर चेंडू गमावून खाल्लेले गोल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल की प्रतिस्पर्ध्याला फारसे काही करावेच लागत नव्हते. प्रशिक्षक बदलेपर्यंत डिसेंबर अर्धा सरला होता आणि खात्यात पाच गुण होते. बर्नलीनेही 2023 मध्ये चॅम्पियनशिप 101 गुणांनी जिंकून वर आल्यावर बढती मिळवून देणाऱ्या मुरिच या गोलरक्षकाला बाजूला सारले आणि 20 वर्षांच्या जेम्स ट्रॅफर्डला उभे केले. मार्चमध्ये पुन्हा मुरिचलाच आणावे लागले. या निर्णयांचे खापर नियमावर कसे फोडता येईल?

ओक रोडची पायरी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे ल्यूटनमध्ये राहते, त्यामुळे त्या गावापुरते बोलते. केनिलवर्थ रोडचे मैदान बाहेरून दिसतच नाही. ओक रोडवर एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग आहे आणि त्या रांगेच्या पोटातूनच आत जाण्याची वाट काढली आहे. तिथून जिना चढू लागले की खाली लोकांची परसदारे दिसतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात आणि वर पोहोचल्यावर एकदम हिरवे मैदान समोर येते. या मैदानात जेमतेम 12 हजार माणसे मावतात. 2023 मध्ये बढती मिळाल्यावर लीगच्या निकषांनुसार एक बाजू नव्याने बांधावी लागली, ते काम वेळेत झाले नाही आणि घरचा पहिलाच सामना पुढे ढकलावा लागला.

हिशेबी डाव यांना मला विचारायचे आहे की इथे चुकीचा निर्णय कोणता होता? क्लबने उधळपट्टी केली नाही आणि मिळणाऱ्या पैशांतला मोठा हिस्सा नव्या मैदानासाठी राखण्याचे ठरवले. 2014 पर्यंत पाचव्या श्रेणीत खेळणारा हा संघ 26 गुण मिळवून अठरावा आला. पुढच्याच वर्षी तो चॅम्पियनशिपमधूनही घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. खाली आलेल्या क्लबला सावरण्यासाठी लीग काही वर्षे पैसे देते, पण ल्यूटनला त्या पैशांनीही सावरले नाही. शेवटच्या घरच्या सामन्यांना मी ज्यांच्या शेजारी बसले होते, त्यांपैकी एकानेही प्रशिक्षकाला दोष दिला नाही.

हिशेबी डाव

ल्यूटनबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. तिथे शहाणपणाला यश आले नाही, एवढेच म्हणता येईल. पण मग ब्रेंटफर्डचे काय? 2021 मध्ये तो क्लब 74 वर्षांनी अव्वल श्रेणीत आला, त्याचेही मैदान लहान आणि उत्पन्न बेताचे. पहिल्याच सामन्यात त्याने आर्सेनलला 2-0 ने हरवले, पहिल्या वर्षी तो तेरावा आला आणि दुसऱ्या वर्षी नववा. स्वस्तात चांगला खेळाडू हेरण्याची पद्धत या क्लबने खालच्या श्रेणीत असतानाच वर्षानुवर्षे घोटली होती, आणि वर आल्यावर तीच कामी आली.

मैदानपार (धागाकर्ता)

ब्रेंटफर्डच्या उदाहरणातून माझाच मुद्दा पुढे जातो. ब्रेंटफर्ड, ब्रायटन, बोर्नमथ, फुलम हे कालचे वर आलेले संघ आता स्थिरावले आहेत. शेवटच्या क्रमांकाच्या क्लबलाही लीगकडून वर्षाला 10 कोटी पौंडांहून अधिक मिळतात. ही रक्कम चार-पाच वर्षे सलग घेतलेल्या मधल्या संघांची फळी आज इतकी भक्कम आहे की नव्याने येणाऱ्याला ज्याला मागे टाकता येईल असा दुबळा संघच उरत नाही. 2021 मध्ये दार जेवढे उघडे होते, तेवढे आता नाही.

ट्रॅफर्डबद्दलही थोडे. बर्नली खाली गेल्यावर 2024-25 मध्ये तोच गोलरक्षक खेळला आणि चॅम्पियनशिपच्या 46 सामन्यांत संघाने फक्त 16 गोल खाल्ले. ज्या मुलाची निवड तुम्ही चूक ठरवता, तो एक श्रेणी खाली जवळजवळ अभेद्य होता. दोन श्रेणींमधली दरी किती रुंद आहे, ते मला यातून सर्वांत स्पष्ट दिसते.

सुंदरलँडने मात्र मला विचारात पाडले आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. 2025 मध्ये प्ले-ऑफ, म्हणजे बढतीची शेवटची जागा ठरवणारे सामने, जिंकून वर आल्यावर त्यांनी 10 कोटी पौंडांहून अधिक खर्च केला, पण त्याचबरोबर ग्रानिट झाकासारखा मुरलेला खेळाडू आणून त्याला कर्णधार केले. पहिल्या सामन्यात वेस्ट हॅमला 3-0 आणि ऑक्टोबरमध्ये चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे त्यांनी हरवले. यात पैसा किती आणि निवड किती, हे मला अजून वेगळे करता आलेले नाही.

हिशेबी डाव

मलाही नाही. पण तेवढाच पैसा झाकाऐवजी चार होतकरू मुलांवर खर्च झाला असता, तर संघ अडचणीत असताना मधल्या फळीत चेंडू शांतपणे पायाशी ठेवणारा कोणी नसता. 2023-24 मध्ये बर्नलीला नेमका तोच माणूस कमी पडला होता.