मेट्रोजवळ भाड्याचे घर: मरोळ नाका की घाटकोपर?

प्रश्न: माझी नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात असून आम्हा दोघांना वन-बीएचके भाड्याने हवे आहे. या दोन्हींपैकी कोणता परिसर सोयीचा पडेल, आणि ११ महिन्यांच्या कराराचीही नोंदणी करावी लागते का?

उत्तर १: मरोळ नाका. तिथे मेट्रो १ आणि भुयारी मेट्रो ३ एकत्र येतात, त्यामुळे बीकेसीला थेट गाडी मिळते. घाटकोपरहून निघाल्यास ऐन गर्दीत मरोळला गाडी बदलावी लागेल.

उत्तर २: दुसऱ्याचे कार्यालय ठाण्याकडे असेल तर मध्य रेल्वेमुळे घाटकोपरच बरे. दलालाच्या तोंडची ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ मात्र स्वतः चालून पाहावीत. ती बहुधा रिक्षाची असतात.

उत्तर ३: होय, नोंदणी करावीच लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि असा करार नसताना वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी ऑनलाइनही होते, तेव्हा अनामत रक्कम करारात लिहून घेतल्याशिवाय देऊ नये.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. यांचे कार्यालय अंधेरीत असल्याने मरोळलाच घर पाहते.