स्कूटर किती टिकली, कितीला पडली? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

आईची ॲक्टिव्हा आता काढून दुसरी स्कूटर घ्यायची आहे. घर साताऱ्यात समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला. बाहेर पडलं की उतार, घरी यायचं तर चढ, आणि मागे बहुतेक वेळा भाजीची पिशवी किंवा मावशी. शोरूममध्ये ब्लूटूथ दाखवतात, नेव्हिगेशन दाखवतात, पण चौथ्या वर्षी गाडी काय काय मागायला लागते ते कुणी सांगत नाही. ते इथे लिहा.

निदान तीन-चार वर्षं वापरलेल्या गाडीबद्दलच लिहा. काय गेलं, कुणी बसवलं, पार्ट कुठे मिळाला. मायलेजवरून भांडण नको, त्यात सगळेच थोडं वाढवून सांगतात. कंपनीचा किंवा शोरूमचा वाईट अनुभव असेल तर नाव न घेता काय घडलं तेवढंच सांगा.

निवृत्त कामगार, सातारा एमआयडीसी

आमच्या महाराष्ट्र स्कूटर्सबद्दल आताच्या पोरांना माहीतच नसतं. १९७५ ची कंपनी, बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाची मिळून. प्रिया स्कूटर इथे साताऱ्यात बनायची. माझ्याकडेही प्रियाच होती. टू-स्ट्रोक, १५० सीसी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, स्टेपनी मागे लटकलेली. सकाळी गाडी तिरकी करायची, किक मारायची, नाही उठली तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. क्लच वायर, गिअर वायर आणि प्लगपाना कायम डिकीत. तेवढ्यावर नव्वद टक्के बिघाड रस्त्यातच निघायचे.

पण जुन्या गाड्यांची आरती मी ओवाळणार नाही. पावसात ब्रेक म्हणजे देवाचं नाव. यवतेश्वरच्या चढाला गिअर वायर तुटली की गाडी ढकलत वर न्यायची का खाली आणायची, एवढाच प्रश्न. एक गोष्ट मात्र खरी, दुसऱ्या गिअरवर टाकली की घाट उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवायचं. बिनगिअरच्या गाडीत ते सुख तसं मिळत नाही. मुलाच्या ज्युपिटरवर मागे बसून सज्जनगडावरून उतरताना मीच मागून "हळू, हळू" करत असतो.

नर्स, मिरज (राहायला विश्रामबाग)

सुझुकी ॲक्सेस १२५, जुनी कार्बोरेटरची. सांगली-मिरज रस्ता रोजचा, त्यात रात्रपाळी. आजवर बेल्ट, क्लच शू, पुढची बॉलरेस (हँडल फिरतं ते बेअरिंग), टायर आणि बॅटऱ्या, एवढंच बदललं. इंजिन उघडलेलं नाही. बेल्ट तुटायच्या आधीच बदलून घेतला, कारण वॉर्डातल्या एका सिस्टरची गाडी रात्री दीड वाजता कृपामाईजवळ बेल्ट तुटून उभी राहिली होती. इंजिन मस्त चालू आणि चाक हलेना! नवीन बेल्ट-रोलरचे मजुरीसकट दीड हजाराच्या आसपास गेले. रात्री एकटीनं रस्त्यात उभं राहण्यापेक्षा स्वस्तच म्हणायचं.

नवी घेताना किक आहे का बघा. काही गाड्यांना आता किकच देत नाहीत. सेल्समन म्हणतो लागत नाही, पण त्याला रात्रपाळी नसते.

हळद व्यापार, मार्केट यार्ड, सांगली

आमच्याकडे स्कूटरचे हाल बघवत नाहीत. पायात पोतं, मागे माणूस, हँडलला डबा. पत्र्याच्या बॉडीची गाडी बरी, ठोकली तर ठोकून सरळ होते. प्लॅस्टिकचा पॅनल एकदा कानातून तुटला की खडखड सुरू, आणि नवीन पॅनलचा भाव ऐकून माणूस खडखडीवर प्रेम करायला लागतो. जुन्या ॲक्टिव्हाचं पुढचं लिंक सस्पेन्शन ओझ्यानं ढिलं व्हायचं, बुश बदलले की वर्षभर गप्प. २०२० च्या सिक्स-जीपासून पुढे मोटारसायकलसारखं नळ्यांचं टेलिस्कोपिक आलं, तेव्हापासून हँडलची थरथर कमी आहे. आता त्या नळ्यांचं ऑइल सील बघावं लागतं.

खरं सांगू? ओझंच न्यायचं असेल तर टीव्हीएसची एक्सएल मोपेड घ्या, आणि स्कूटर घरच्या माणसांना ठेवा.

फिटर, शंभर फुटी रोड, सांगली

वरचं सगळं वाचलं. माझ्याकडे रोज गाड्या येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲक्टिव्हा, ॲक्सेस, ज्युपिटर, या तिघींच्या इंजिनावरून भांडण्यात अर्थ नाही. वेळेवर ऑइल मिळालं तर तिन्ही इंजिनं मालकाला कंटाळा येईपर्यंत चालतात. गाडी मरते ती ऑइल कमी पडून. या इंजिनात ऑइल बसतंच मुळी सातशे-आठशे मिली. बुलेटमध्ये पावशेर कमी झालं तर ती सांभाळून घेते, इथे पावशेर कमी म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गायब. तरी लोक दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइलची काडी काढून बघत नाहीत. मग कॅमशाफ्ट खातं, रॉकर खातं, वरून कटकट आवाज येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं "टॅपेट टाईट करा." टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तर गार इंजिनावर सेट करायची असते. लांबून तापलेली गाडी आणून "पाच मिनिटांत करून द्या" म्हणणाऱ्याला मी चहा पाजून बसवतो.

दुसरं ऑइल मागच्या चाकाच्या गिअर बॉक्सचं. शंभर-सव्वाशे मिलीचा प्रश्न, पण दहा मालकांत दोघांना माहीत असतं की हे वेगळं असतं. तिथून घूंऽऽ असा आवाज यायला लागला की बेअरिंग गेलं समजा.

आता बेल्टच्या बाजूला या. डावीकडचं कव्हर उघडलं की पुढे पुली, तिच्यात सहा रोलर. हे रोलर गोल असतात तोवर गाडी लोण्यागत पळते. घासून एका बाजूनं चपटे झाले की ते वर सरकायच्या ऐवजी अडकतात. लक्षण असं: उचलताना गाडी गुरगुरते, रेस वाढते पण वेग येत नाही. लोकांना वाटतं इंजिन बसलं. मी रोलर हातात देतो आणि म्हणतो, अंगठा फिरवून बघा. चपटी बाजू बोटाला लगेच लागते. बेल्ट वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बघायचाच, आतल्या दातांच्या खाचेत बारीक चिरा दिसल्या की बदलायचा. चढावर राहणाऱ्यांनी त्याच्याही आधी. धागाकर्त्याच्या आईंसाठी हे मुद्दाम लिहितोय.

उसाचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे क्लचची कामं वाढतात. रस्त्यावर चिखल, धूळ, ट्रॉलीतून पडलेला ऊस. बारीक धूळ क्लच बेलमध्ये, म्हणजे क्लचच्या वाटीत बसते, मग गाडी सुटताना थरथरते. उघडून साफ केलं, शूवर जरा पेपर मारला की निम्म्या गाड्या सरळ होतात. शू बदलायची गरज नसते. कुणी न उघडताच शू बदला म्हणालं तर दुसरीकडे दाखवा.

बीएस-६ गाड्यांचं, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, एकच सांगतो. टाकी तळाला नेऊ नका. पेट्रोल खेचणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो. शंभराचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांचे पंप आधी येतात माझ्याकडे.

आणि डुप्लिकेट. ज्या गाडीचा खप जास्त तिचे पार्ट तालुक्याला मिळतात, आणि नकलीही तिचेच जास्त असतात. बेल्ट ओरिजिनल घ्या. आरसा, मॅट, लिव्हर कसलंही चालेल.

गावभाग, सांगली

पुराचा अनुभव कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. २०१९ ला कृष्णेचं पाणी आमच्या बोळात आलं, गाडी हँडलपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर सगळ्यात मोठा मोह होतो स्टार्टर दाबून बघायचा. शेजारच्यांनी दाबला. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. आम्ही चावीला हात न लावता ढकलत नेली. ऑइलचा नट उघडल्यावर दुधाच्या चहासारखं फेसाळ पिवळट ऑइल निघालं. दोनदा नवीन ऑइल घालून काढून टाकलं, कार्बोरेटर, एअर फिल्टर, बेल्टचं कव्हर, ब्रेक ड्रम, सगळं उघडून गाळ काढला. सायलेन्सरमधूनही चिखल आला. गाडी उठली. वायरिंगनं मात्र पुढे दोन पावसाळे छळलं, इंडिकेटर लावला की हॉर्न वाजायचा.

विमा नुसता थर्ड पार्टीचा असेल तर पुरात छदाम मिळत नाही, हे आमच्या बोळात बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. २०२१ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चढायला लागल्याबरोबर गाड्या विश्रामबागला पाव्हण्यांकडे नेऊन लावल्या.

मलकापूर, कऱ्हाड

इलेक्ट्रिक. कंपनी कोणती ते नका विचारू. चालवायला झकास, ऑइल नाही, बेल्टचा प्रश्न नाही, टायर-ब्रेक सोडून खर्च नाही. आणि तरीही गाडी महिनाभर दारात उभी होती. मोबाईलसारखं अपडेट आलं, रात्रीत स्क्रीन काळी झाली. माझ्या ओळखीच्या फिटरनं हात जोडले. सर्व्हिसवाले टेम्पोनं घेऊन गेले, पार्ट "येतोय" म्हणत राहिले. आल्यापासून ठीक आहे. माझं एवढंच म्हणणं, इलेक्ट्रिक घेताना गाडीआधी तिचं वर्कशॉप बघून या. किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते मोजा.

शाहूपुरी, सातारा

कऱ्हाडच्या दादांच्या उलट माझा अनुभव. माझ्याकडे नवी, इलेक्ट्रिक चेतक. पत्र्याची बॉडी, चढाला कुरकुर नाही, दोघं बसून यवतेश्वर चढते. चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, खाली येताना थोडे परत मिळतात. वजन मात्र जाणवतं, आणि धागाकर्त्याच्या आईंचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर खाली चार्जिंगचा पॉइंट सोसायटी देते का ते आधी बघा. आमच्या सोसायटीत गाडीपेक्षा त्या एका प्लगवर जास्त मिटिंगा झाल्या.

कासच्या रस्त्यानं रोज येणारी

उताराबद्दल एमआयडीसीच्या निवृत्त काकांनी लिहिलंय त्यात भर. फक्त मागचा ब्रेक धरून घाट उतरू नका, ड्रम तापला की लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरना २०१९ पासून बहुधा कॉम्बी ब्रेकच येतो. डाव्या लिव्हरला पुढचाही थोडा लागतो, पण त्याची केबल ढिली असेल तर नावालाच. पुढे डिस्क घेता आली तर घ्या. एक्सलेटर पूर्ण सोडून देऊ नका. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते.

तासगाव

आमच्याकडे गाडीचा शत्रू उंदीर. बेदाण्याच्या शेडमध्ये लावली की वायर गेलीच. तंबाखूची पुडी, डांबरगोळी, सगळं करून झालं. सीटखालची मोकळी जागा तारेच्या जाळीनं बंद केली तेव्हा थांबलं. आणि जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर महिनोन् महिने पेट्रोल भरून उभी करू नका. आता २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. ऊसही आपलाच आणि कार्बोरेटरही आपलाच, तक्रार कुणाकडे करणार!

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डबल स्टँडला कोणती हलकी लागते ते कुणी लिहिलंय का?" नाही लिहिलं. आणि फिटरदादा, चढाला ११० सीसी की १२५?

फिटर, शंभर फुटी रोड

मागे रोज माणूस बसणार असेल तर १२५. एकट्याच फिरणार असतील तर ११० पुरे. पैसे देण्याआधी टेस्ट राइडची गाडी तुमच्याच चढावर न्या, मागे मावशींना बसवून. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच पळतात.

नर्स, मिरज

डबल स्टँडचं मी सांगते. ॲक्सेस माझ्या उंचीला जमते. पण वजनाच्या आकड्यावर जाऊ नका, काकूंना शोरूममध्ये स्वतः लावायला सांगा. डावा हात हँडलला, उजवा मागच्या कडीला, उजव्या पायानं स्टँडवर सगळं वजन द्यायचं. गाडी ओढायची नाही, ती आपोआप मागे चढते. सेल्समन मदतीला धावला तर त्याला लांब उभं करा.