मदत हवी आहे: कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून देतात ते औषध न देता) मेंदूचा परफ्यूजन (रक्तप्रवाहाचा) स्कॅन मराठवाड्यात कुठे होतो?

नमस्कार मंडळी, आम्ही जिंतूरचे. मामांना (वय ६८) मागच्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. परभणीला न्यायलाच सात तास गेले; आधी गावात झाडपाला, मग गाडीची शोधाशोध. असो. २०१८ च्या डॉन आणि डिफ्यूज-३ या अभ्यासांनंतर निवडक पेशंटच्या मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी झटक्यानंतर सहा तास उलटले तरी काढतात, पण मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे हे स्कॅनवर पाहून, हे आम्हाला नंतर कळलं.

आता मानेची डावी नस बरीच अरुंद निघालीय. मेंदूला रक्त कितपत पोचतंय ते बघायला डॉक्टरांनी सीटी परफ्यूजन सांगितलंय. पण मामांचं क्रिएटिनिन २.४, म्हणजे किडनी कमजोर, त्यामुळे कॉन्ट्रास्टची धास्ती वाटते. एमआरआयमध्ये ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’ म्हणून प्रकार आहे म्हणे: सुई नाही, औषध नाही, रक्तातल्याच पाण्यावर चुंबकाने खूण करून प्रवाह मोजतात.

संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला हे कुणी करून घेतलंय का? ३ टेस्ला (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) एमआरआय मशीन कुठे आहे? खर्च किती आला? आणि नस अरुंद असली की यात रक्त प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं, असं वाचलं. रेडिओलॉजीतल्या कुणी खुलासा केला तर बरं होईल. सोमवारी डॉक्टरांना भेटायचंय.