खासगी तळ्याचा बंधारा: यंदा सांडवा मोकळा करायचा की नाही?

पाणवठा (धागाकर्ती)

आमची बेचाळीस प्लॉटांची फार्महाउस स्कीम घाटमाथ्याजवळ आहे. मधोमध तळं आहे आणि त्याला अडवणारा मातीचा बंधारा साधारण ८ मीटर उंच. मूळ जमीनमालकाने तो बांधला, पुढे प्लॉट पडले, आणि आता तो सोसायटीच्या ताब्यात आहे. त्याचा नकाशा नाही, माती तपासल्याचा कागद नाही.

मागच्या रविवारी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाने चालत गेले. सगळीकडचं गवत वाळून करडं झालेलं, पण पायथ्याशी दहा-बारा पावलांचा एक पट्टा हिरवागार. तिथे लव्हाळं माजलंय. चप्पल रुतली, वाकून पाहिलं तर बोटाएवढी धार वाहत होती. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ती धरली आणि व्हरांड्यात ठेवली. तासाभराने तळाशी चिमूटभर माती बसली होती. तळं आत्ता दीड मीटर उतरलेलं आहे, तरी ही अवस्था.

सांडव्यावर, म्हणजे तळं भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, दोन वर्षांपूर्वी जाळी लावली, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. उंबऱ्यावर वाळूच्या गोण्या रचल्या, म्हणजे पाणी दीड फूट जास्त राहतं आणि बोटी मार्चपर्यंत चालतात. माथ्यावर सुबाभूळ वाढलंय. विमोचकाची, म्हणजे तळ्यातलं पाणी खालून सोडायच्या वाटेची, झडप गंजून बसली आहे. खाली ८०० मीटरवर ओढ्याकाठी वाडी आहे, पंचवीसेक घरं आणि अंगणवाडी.

माझं म्हणणं असं की पावसाआधी गोण्या आणि जाळी काढा, सांडव्याचा उंबरा दीड मीटर फोडून खाली घ्या, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत तळं पूर्ण भरणारच नाही. समितीने ५ विरुद्ध २ मतांनी हे फेटाळलं. विरोधात मत दिलेल्यांना मीच इथे बोलावलंय. त्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

प्लॉट_सतरा

मी त्या पाचांपैकी एक. ताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण बंधारा बावीस वर्षं उभा आहे. २००५ चा पाऊस त्याने काढला, २०१९ आणि २०२१ चाही काढला. मातीचं धरण थोडं पाझरतंच, कुठल्याही पाझर तलावावर जाऊन बघा.

उंबरा फोडला तर तो परत बांधायचा खर्च वेगळा. शिवाय तळ्यामुळेच वाडीच्या विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं. तळं अर्धं ठेवलं तर पहिली झळ त्यांनाच. आणि कायद्याचं म्हणाल तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणं लांबी, साठा वगैरे अटींत बसली तरच त्यात येतात. आपलं ८ मीटर. ओल आहे तिथे दोन डंपर काळी माती टाकून दाबून घेऊ, विषय संपेल.

निवृत्त_शाखा_अभियंता

लघुपाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढली म्हणून कळकळीने सांगतो, ती काळी माती टाकू नका. खालच्या अंगाला पाझर बुजवला की पाणी थांबत नाही, ते पोटात दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं. पाण्याला वाट द्यायची, मातीला नाही. ओल्या जागेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. आमच्याकडे त्याला उलटा फिल्टर म्हणतात.

बंधारा पाझरतो हे सतरा नंबरवाल्यांचं म्हणणं बरोबर. पण नितळ पाझर आणि गढूळ पाझर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गढूळ म्हणजे बंधाऱ्याची माती कणाकणाने बाहेर येतेय. माती गेली की आत बीळ पडतं. ते खालच्या तोंडाकडून सुरू होतं आणि उलटं पाण्याच्या दिशेने सरकत जातं. ते तळ्याला भिडलं की मग हाती काही तास उरतात, कधी तेवढेही नाहीत. त्यामुळे बावीस वर्षं टिकला, या हिशोबाला इथे आधार नाही. बीळसुद्धा त्याच बावीस वर्षांत वाढत असतं.

ताई, तुमच्यासाठीही एक सूचना. पंप लावून दोन दिवसांत तळं उपसू नका. पाणी झपाट्याने उतरलं की आतल्या अंगाची भिजलेली माती घसरते. रोज वीत-दीड वीत, एवढंच. सुबाभूळही आत्ता मुळासकट उपटू नका, बुंध्याशी कापा. पावसाच्या तोंडावर माथ्यात खड्डे नकोत.

पाणवठा

जाळी आणि गोण्यांमुळे मला अमेरिकेतलं साउथ फोर्क धरण आठवतं. पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनच्या वर २२ किलोमीटरवर ते होतं. बांधलं कालव्यासाठी, पण १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या मासेमारी-शिकार क्लबकडे गेलं. कार्नेगी आणि फ्रिक त्याचे सभासद होते. तळातले विसर्गाचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने परत बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून तो थोडा उतरवला, आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. खालच्या पोलाद कारखान्याने १८८० मध्ये आपला अभियंता पाठवून धोका कळवला, दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारीही दाखवली. क्लबने नाही म्हटलं. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. २,२०९ माणसं गेली.

प्लॉट_सतरा

ते धरण ७२ फुटांचं, आपलं २६. एवढी मोठी दुर्घटना समोर ठेवली की माणूस घाबरून हो म्हणतो, त्याला चर्चा म्हणत नाहीत. आणि अशा क्लबला कोर्टात काय झालं? त्यांच्याकडून कुणाला दमडी मिळाली नाही, अतिवृष्टी ही दैवी आपत्तीच मानली गेली.

काळा_कोट

दैवी आपत्तीचा मुद्दा आलाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण दिवाणी कायद्यातला जबाबदारीचा नियमच मुळी खासगी तळ्यावरून आला. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, निकाल १८६८. धोकादायक साठा आपल्या जमिनीवर आणलात तर तो सुटून झालेल्या नुकसानीला तुम्ही जबाबदार, निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागत नाही. आपली न्यायालयंही हे तत्त्व वापरतात.

सतरा नंबरवाल्यांच्या बाजूने जाणारा निकाल १८७६ चा, निकोल्स विरुद्ध मार्सलँड. ती तर शोभेचीच तळी होती. बांध फुटून चार पूल वाहून गेले आणि मालकीण सुटली. पण का सुटली? तळी नीट बांधलेली आणि नीट राखलेली होती, कसूर नव्हती, पाऊस कुणाच्या आठवणीत नसलेला होता. आपल्याकडे सांडव्यावर गोण्या आहेत, बाटलीत माती आहे, समितीचा ठराव लेखी आहे. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर अतिवृष्टी अकल्पित होती असं सह्याद्रीत कुठल्या तोंडाने सांगायचं?

धरण सुरक्षा कायदा लागू नाही याचा अर्थ एवढाच की तपासायला कुणी येणार नाही. जबाबदारी तुमचीच राहते.

वाडीतला

मी खालच्या वाडीत राहतो, बंधाऱ्यावर गवत कापायला येतो. विहिरीला पाणी राहतं हे खरं आहे. पण आमच्या नावाने दोन्ही बाजू बोलतात, आम्हाला कुणी विचारलं नाही.

तळं पूर्ण रिकामं नको. अर्धं चालेल, विहिरीचं आम्ही बघू. ओल मला गेल्या दिवाळीपासून दिसते, वॉचमनला सांगितलं होतं. चिपळूणला तिवरे धरणाची गळती लोकांनी आधी सांगितली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं, भेंदवाडी गेली. नंतर मंत्री सांगत होते की खेकड्यांनी धरण पोखरलं. ते रात्री झालं, हे लक्षात घ्या. झोपेत ओढ्याचा आवाज आणि धरणाचा आवाज वेगळा कळत नाही. जून ते सप्टेंबर बंधाऱ्यावर रात्री माणूस ठेवा, आमच्यातले दोघे येतील. त्याच्याकडे भोंगा द्या. पुढचं ठरवताना आमच्यातल्या एकाला बैठकीला बसवा.

प्लॉट_सतरा

दादा, दिवाळीपासूनचं मला माहीत नव्हतं. वॉचमनने समितीला सांगितलेलं नाही. गोण्या, जाळी काढायला आणि रात्रीच्या माणसाला माझी हरकत नाही, तसं समितीला कळवतो. उंबरा फोडायला अजूनही माझा विरोध आहे. त्याआधी कुणीतरी धरणांचा जाणकार प्रत्यक्ष येऊन बघू दे, माझ्या वाट्याची फी मी आजच भरतो.

निवृत्त_शाखा_अभियंता

येऊन बघायला मी फी घेणार नाही, मात्र आराखडा आणि सही चालू परवान्याच्या माणसाचीच घ्या. तोवर धारेखाली रोज एकाच वेळी बादली लावा आणि भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. पाण्याची पातळीही त्याच ओळीत.

पाणवठा

शनिवारी सकाळी गोण्या काढल्या, ३४ निघाल्या. वाडीतले चौघे आणि प्लॉट सतरासुद्धा आले होते. जाळीच्या मागे गेल्या पावसाळ्यातला पालापाचोळा आणि प्लास्टिक गुडघाभर साचलेलं होतं. ओल्या जागेवर वाळू-खडी पसरली. उंबऱ्याचा निर्णय रविवारच्या बैठकीत होईल, वाडीतल्या दोघांना बोलावलंय.

वहीतली पहिली नोंद: १० लिटरची बादली ४१ सेकंदांत भरली. बाटलीत धरलेलं पाणी अजून गढूळच आहे.