बॅक्लोफेननं पाय सैल झाला, पण आता उभं राहताना गुडघा दुमडतो

डिचोलीकर:
बाबांना पॅरालिसिस होऊन वर्ष होत आलं, उजवी बाजू. पाय एकदम ताठ असायचा, सकाळी थंड लादीवर पाऊल टेकलं की टाच टकटक उडत राहायची, थांबायचीच नाही. आता बॅक्लोफेन १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे, टाच उडायची थांबली, रात्री झोपही लागते, पण बाल्कांवची (घरापुढच्या ओट्याची) पायरी चढताना गुडघा मध्येच दुमडतो. गोळी ताठपणावरची ना, मग जोर का गेला? आई म्हणते बंदच कर, करू का?

म्हापशाची फिजिओ:
एकदम बंद अजिबात करू नका!! अचानक तोडली तर फिट येऊ शकते, भास होतात, ताठपणा आधीपेक्षा जास्त उसळतो. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.
ही गोळी मुख्यतः मज्जारज्जूत काम करते. स्नायू ताणला गेला की निरोप मज्जारज्जूत जातो आणि तिथूनच 'आवळ' म्हणून परत येतो, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तो हाच रिफ्लेक्स. एरवी मेंदू त्याला आवरून धरतो, झटक्यानंतर ते आवरणं कमी पडतं. बॅक्लोफेन गाबा-बी रिसेप्टरवर (नसांवरच्या, निरोप दाबणाऱ्या जागेवर) बसून तो निरोपच दाबतं, म्हणून टाच थांबली. पण बाबा बहुतेक त्या ताठपणाच्याच आधारावर उभे राहत होते, मांडीत खरा जोर कमी, आणि तो आधार गोळीनं काढून घेतला. गोळी घेतल्यावर किती वेळानं गुडघा जातो ते लिहून ठेवा, कधीकधी दिवसाचा डोस कमी करून रात्रीचा तसाच ठेवतात. आणि तोवर पायरीवर एकटं सोडू नका.

फोंड्याहून:
ताई, आमच्या आईला पार्किन्सन आहे, तिचेही हातपाय कडक, पण न्यूरोलॉजिस्ट ही गोळी नको म्हणाले. का?

म्हापशाची फिजिओ:
तो कडकपणा वेगळा. तिचा हात हळू वाकवा नाहीतर झटकन, सारखाच कडक लागेल. डिचोलीकरांच्या बाबांचा झटकन वाकवला तर अडकेल, हळू नेला तर बराच जाईल. पार्किन्सनमध्ये मूळ दुखणं मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं, त्याला लेव्होडोपासारखं औषध लागतं.

फार्मसीवाला, पणजी:
बॅक्लोफेन बरंचसं किडनीवाटे बाहेर जातं, किडनी कमजोर असेल तर साठून गुंगी चढते, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघून घ्या. आणि बदलून टिझानिडीन (ताठपणावरचंच दुसरं औषध) दिलं तर बीपी पडतो, उठताना सांभाळा, त्याच्याबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर कधीच नको, लघवीच्या इन्फेक्शनला कोणी लिहून दिलं तर आधी सांगा.

डिचोलीकर:
क्रिएटिनिनचा रिपोर्ट जुना आहे. बुधवारी बांबोळीला, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेतोय, तेव्हा नवीन करून घेतो आणि दुपारच्या गोळीचं विचारतो. आईला आत्ताच सांगितलं, गोळी चालूच राहणार.