तिसऱ्या वर्गाचं ताट
कोणीतरी म्हटलंय की टायटॅनिकवर पहिल्या वर्गाची चंगळ आणि तिसऱ्या वर्गाला नुसता शिळा पाव. पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. १४ एप्रिल १९१२ चं तिसऱ्या वर्गाचं मेन्यूकार्ड उपलब्ध आहे. सकाळी ओटची लापशी, धुरावलेला हेरिंग मासा, हॅम आणि अंडी. दुपारी भाताचं सूप, भाजलेलं बीफ, उकडलेले बटाटे, प्लम पुडिंग. रात्री मात्र पेजेसारखं काहीतरी, बिस्किटं आणि चीज. म्हणजे मुख्य जेवण दुपारचं, आपल्या गावाकडच्यासारखंच. पाव तर ताजा असल्याचं कार्डावरच छापलंय! आधीच्या काळात गरीब उतारूंना आपली ताटवाटी स्वतः न्यावी लागे, तिथून ही मजल.

मला त्या कार्डाची तळटीप जास्त आवडते: जेवणाबद्दल किंवा उद्धटपणाबद्दल तक्रार असेल तर लगेच पर्सरला (जहाजावरचे हिशेब आणि उतारूंची सोय बघणारा अधिकारी) सांगा, प्रत्येक स्टुअर्डच्या (उतारूंच्या सेवेतला कर्मचारी) दंडावर नंबरचा बिल्ला आहे. (आपल्या रेल्वेत तक्रारवही मागून बघा!) आणि हो, त्याच रात्री दुसऱ्या वर्गाच्या जेवणात चिकन करी आणि भातही होता. त्यांचं आणि पहिल्या वर्गाचं स्वयंपाकघर एकच होतं.